उजवा कोपरा

केदाइनियाईच्या शाळेचा हॉल.
बाहेर उणे चौदा, आत ओल्या लोकरीचा वास,
आणि पानेवेझीसच्या पोरींनी घातलेला झोन:
पुढे दोन, मागे तीन.
तीन क्वार्टर आम्ही त्यावर डोकं आपटतोय.

टाइम-आउटला गेनोवाइतेबाईंनी पाटी मागितलीच नाही.
कोटाच्या खिशातून साखरेचे ठोकळे काढले,
बाकावर मांडले, पाच.
"या तुम्हाला राखत नाहीत गं, जागा राखतात.
प्रत्येकीचं आपलं अंगण, आपलं कुंपण.
दोन कुंपणं जिथे भिडतात
तिथे जाऊन उभ्या राहा.
पाहुणी कुणाची, ते भांडू देत त्यांचं त्या."

मग माझ्याकडे वळून:
"तू उजवा कोपरा. हात तयार, तोंड बंद."

योगिलेकडून स्काइस्तेकडे, परत योगिलेकडे,
पुन्हा स्काइस्तेकडे.
अख्खा झोन डावीकडे सरकला,
जड कपाट सरकावं तसा, कुरकुरत.
मेता खालून धावत फ्री-थ्रोच्या रेषेवर आली,
चेंडू तिच्या हातात,
मधली पोर तिच्यावर झेपावली,
आणि हॉलभर आडवा
तो माझ्याकडे आला.

माझी टाच रेषेवर.
शिटी.

बाई काही बोलल्या नाहीत. एक ठोकळा तोंडात टाकला.

पुढच्या वेळी तेच. तस्संच. योगिले, स्काइस्ते, योगिले.
फक्त त्यांची अकरा नंबर, बोटाला पट्टी बांधलेली,
आता शहाणी झाली होती:
मेता वळायच्या आतच ती माझ्याकडे सुटली.
मेताने माझ्याकडे पाहिलं, नीट, डोळ्यांत डोळे घालून,
आणि चेंडू दिला एइमान्तेला,
जी रिंगखाली
एकटी उभी होती,
सामान उतरवून घ्यायला कुणी येईल म्हणून
स्टेशनात थांबावं तशी.

दोन गुण.
स्कोअरशीटवर एइमान्तेचं नाव, मेताचाही पास.
उभं राहण्याचा रकाना नसतो.

आणखी दोनदा तेच झालं.
तेव्हा पलीकडचा कोच घसा फोडून ओरडला:
"सोडा झोन! माणूस धरा, माणूस!"

अकरा नंबर माझ्याजवळ आली.
इतकी जवळ की तिच्या श्वासाला
बडीशेपेच्या गोळीचा वास येतोय हे कळलं.
पट्टीचा हात माझ्या कमरेशी.
अख्ख्या संध्याकाळीत पहिल्यांदा
कुणीतरी माझा कोपरा नाही,
मला राखत होतं.

मी एक पाऊल डावीकडे टाकलं, उगाच.
तीही आली.