ही दोन माणसं एकच आहेत का?

डुलुथला जानेवारीत तळ्याचा काठ गोठतो,
मग करण्यासारखं फारसं उरत नाही.
दारातला बर्फ ओढायचा, गोळ्या मोजायच्या,
आणि रात्री स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून
मेलेल्यांना हाका मारायच्या.
स्वागत, टोर्बोर्ग, म्हणतो पडदा.
सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईला हल्ली
इतक्या आपुलकीनं कोण बोलावतं?

आजोबांचं नाव टाकलं: ओलाउस ब्रेक्का.
काही सापडलं नाही.
मग कळलं, नॉर्वेत तेव्हा
आडनाव माणसाचं नव्हतंच, जमिनीचं होतं.
ज्या शेतावर राबाल त्याचं नाव लावायचं,
शेत सुटलं की खुंटीवर ठेवून निघायचं,
पुढच्या गड्याला होईल म्हणून.
त्यांच्या बापानं तीन शेतं बदलली.
म्हणजे तीन घरं शोधायची होती मला,
तिन्हींत तीच माणसं.

त्यात कुणा स्वयंसेवकानं,
बहुधा माझ्यासारख्याच रात्री जागणाऱ्या,
पाद्र्याच्या किरट्या अक्षरातल्या ओलाउसचा
क्लाउस करून ठेवला होता.
त्याच्यावर रागावून काय करू?
मीही पहिले दोन आठवडे
एकाला सात वाचत होते.

शेवटी पान सापडलं. कडेला मेणाचा डाग.
१४ नोव्हेंबर १८८१. ओलाउस.
बाप पेडर, आई मारित.
बाप्तिस्मा घरीच, घाईनं.
हीच तारीख आजोबांच्या दगडावर आहे,
याच तारखेला आम्ही केक कापायचो
आणि ते सरपणाच्या खोलीत जाऊन बसायचे.
आम्ही म्हणायचो, लाजतात.

लॅपटॉप मिटणारच होते.
बोट घसरलं, पानं सरकली.
मार्च १८८३. मृत. ओलाउस पेडरसन.
वय सोळा महिने. डांग्या खोकला.

आणि ऑक्टोबर १८८४:
ओलाउस.
तोच बाप, तीच आई, तोच पाद्री,
फक्त शाई थोडी फिकी.

मारितला नाव टाकवलं नसेल.
हाक जिभेवर बसली होती,
तिला फक्त ओ देणारं कुणीतरी हवं होतं.

पुढचं मी नुसतं जुळवते आहे.
पंधराव्या वर्षी घर सोडताना
पेटीतून त्यांनी कागद उचलला असेल, थोरल्याचा.
इकडे लोखंडाच्या खाणीवर
मुकादमाला अठरा वर्षांचा हवा होता.
अठरा वर्षांचा मिळाला.
वर हसून बोलला असेल, अंगानं बारीक आहेस रे.

पडद्यावर पिवळी पट्टी आली:
ही दोन माणसं एकच आहेत असं दिसतं.
एकत्र करायची?
हिरवं, गुबगुबीत 'हो'.
त्याखाली बारीक अक्षरात 'नाही'.

मी 'नाही' दाबलं.
कारण लिहा, म्हणाला.
लिहिलं: एकजण चालायला नुकताच शिकला होता.

मग थोरल्यासाठी वेगळी चौकट केली.
जोडीदार, नाही. मुलं, नाही.
व्यवसाय...
इथे अडले.
चाळीस वर्षं खाणीत
त्याचंच तर वय राबलं.

टकोमाच्या चुलतभावाला फोन केला.
तो म्हणाला, चूक झालीय, दुरुस्त करून टाक.
पट्टी दर सोमवारी पुन्हा विचारते.
तीही त्याच्याच बाजूची.

दगड कोरणाऱ्यालाही विचारलं.
आकडे खोडता येत नाहीत, म्हणाला,
खाली नवी तारीख घालू,
आकड्यामागे चाळीस डॉलर.
मी पाकिटावर हिशेब मांडला,
मग त्याला म्हटलं, राहू द्या.
आहे ती तारीख असू दे तिथे.
त्या लेकराला दुसरा दगड कुठे आहे?