तीनशे दहा ग्रॅमचा पंचनामा

वजन: तीनशे दहा ग्रॅम, ओलं, मातीसकट.
जप्तीचं ठिकाण: वरचं कुरण, बर्फाच्या घळीशेजारी.
आरोपी: प्रेंडा. वय तिला ठाऊक नाही.
म्हणाली, लिही, रस्ता झाला तेव्हा मला दोन मुलं होती.

मी लिहिलं नाही.
वनरक्षकाच्या वहीत रस्त्याला रकाना नसतो.

नकाशावर आमच्या डोंगरांचं नाव शापित डोंगर.
पाहुणे त्या पाटीखाली फोटो काढतात.
आम्ही नुसतं वर म्हणतो. वर गेलाय. वरून आणलं.
सान्झा वरून आणायची असते.
दहा वर्षं नुसती पानं काढत बसते ती
आणि एका उन्हाळ्यात छातीएवढी उभी राहते, पिवळीजर्द.

मुळी मनगटाएवढी.
चकत्या करून राकियात बुडवायच्या, हिवाळाभर चमचा चमचा:
तापाला, पोटाला, आजारपणात मेलेल्या भुकेला,
आणि प्रेंडाच्या मते खोटं बोलायच्या सवयीला.

मला पहिल्यांदा तिनंच पाजली.
सात वर्षांचा होतो. नाक दाबायचं नाही, म्हणाली,
जिभेवर घोळव, तिला कळू दे कोण आलंय.
तिसऱ्या दिवशी मी मक्याची भाकरी मागितली.

आणि हे शिकवलं:
पानं समोरासमोर, जोडीजोडीनं बसलेली, ती सान्झा.
एकाआड एक चढत गेलेली, ती दुसरी.
फुलं येईस्तोवर दोघी सख्ख्या बहिणी.
ग्येलोशच्या थोरल्या भावानं एकदा घाई केली.
त्याची कबर चर्चच्या भिंतीला लागून आहे.

आता पानं बघतं कोण.
रात्री टॉर्च लावून येतात, अख्खा उतार उकरतात.
काही माझ्याच वर्गातली पोरं,
एका पोत्यात बोटीचं तिकीट निघतं.
मंगळवारी ट्रक गेला. ताडपत्रीखाली काय होतं
ते नाक्यावर वासानंच कळलं असतं.
नाक्यावर मी नव्हतो. मला खाली बोलावलं होतं,
बैठकीला, दुर्मिळ वनस्पतींच्या.

प्रेंडाचा खड्डा बघायला गेलो.
खड्डा नव्हता.
मुळीचं डोकं, कोंबासकट, परत पुरलेलं,
वर गवताचं ढेकूळ जसंच्या तसं,
त्यावर तळव्याचा ठसा, एक बोट कमी असलेला.

खाली एक रकाना आहे: हेतू.
कोणासाठी, मी विचारलं.
ग्येलोशसाठी. पोटात काही ठरत नाही त्याच्या.
दवाखाना अडीच तासांवर, डॉक्टर गुरुवारी.
आज शुक्रवार.

कायदा मला पाठ आहे. कायदा चुकीचा नाही.
हे मी तिलाही सांगितलं.
चांगला आहे की, ती म्हणाली, जरा उशिरा उगवला.

मग चाकूनं एक चकती कापून माझ्यापुढे धरली.
पुरावा खाऊ नये असं कुठं लिहिलंय का,
मला आठवेना.

वजन पुन्हा केलं: तीनशे चार.
जुना आकडा खोडला, बाजूला सही.
जीभ इतकी आखडली होती
की माझं नाव मला मनातसुद्धा नीट म्हणता येईना.

ती उतरू लागली, पिशवी माझ्याकडेच ठेवून.
अर्ध्या वाटेवर थांबली, ओरडली:
जेवणाआधी द्यायची त्याला.
आणि धुऊन दे, मेल्या, माती तशीच राहिलीय.