इतर

मेडिकल चौक, सकाळी सात ते दुपारी एक.
हातात क्लिकर, मांडीवर पुठ्ठा,
पुठ्ठ्यावर तक्ता :
दुचाकी, चारचाकी, ऑटो, ई-रिक्षा, बस, ट्रक
आणि अगदी काठावर, झेरॉक्स पुसट आली आहे तिथं,
इतर.

"इतर म्हणजे काय काय, सर?"
बोरकुटे सर म्हणाले, "हातगाडी, सायकल, एखादं जनावर.
अन् पायी चालणारे. त्यायले वेगळं कायले मोजता,
ते का जागा खातेत?"

रोजचे साडेचारशे. मी मोजू लागले.

एक इतर, दोन पायांत दोन वेगळ्या चपला.
एक इतर, कडेवर मूल, मुलाच्या हातात सुईवरची पट्टी.
तीन इतर, रात्रीच्या गाडीनं बालाघाटहून आलेले,
एकमेकांची मनगटं धरून
पाण्यात उतरावं तसे रस्त्यात उतरलेले.
पुढच्यानं तळहात समोर धरलाय.
तेवढाच त्यांच्याकडे ब्रेक.

एक इतर, डोक्यावर एक्स-रेचं पाकीट.
पंचेचाळीस डिग्रीत
ती नवऱ्याच्या बरगड्यांची सावली घेऊन चालली आहे.

सिग्नलवर हिरवी जाळी बांधलीय यंदाही.
जाळीखाली गाड्या उभ्या, सावलीत, घुरघुरत.
पांढऱ्या पट्ट्यांपाशी जाळी संपते.
तिथून पुढे चालणाऱ्यांचं ऊन.

फुटपाथही आहे.
त्यावर डीपी आहे, टायरवाला आहे,
कुणाची तरी बुलेट साखळीनं बांधलेली आहे.
सिमेंटचा रस्ता दर थराला उंच झाला,
आता फुटपाथच खाली राहिलाय, नालीसारखा.

हिरवा माणूस अकरा सेकंद चालतो.
मी मोजलं, कारण मोजणं हेच काम.
मी तरुण आहे, मला चौदा लागतात.

पाचव्या दिवशी कौतिकाबाई.
रोज थर्मास घेऊन पलीकडे जायची, वॉर्डात सून होती.
त्या दिवशी चार सिग्नल सुटले तरी ती काठावरच.
मग माझ्याकडे वळली :
"पोरी, तुह्याजवळ ते टिकटिक हाये नं,
ते दाबलं का गाड्या थांबतेत का?"

नाही मावशी. हे फक्त मोजतं.

"मंग मोजून काय करतेत?"

पुठ्ठा मी खुर्चीवर ठेवला.
तिचा हात धरला. हळदीचा वास, थर्मासची ऊब.
तळहात पुढे. एक पाऊल.
डावीकडून स्टार बस, हॉर्न असा की दात हलावेत.
थांबलो. दोन पावलं.
दुभाजकावर चढताना तिनं गुडघा दोन्ही हातांनी उचलला,
जसं घरातलं जड काही उचलतात.
अर्ध्यात हिरवा माणूस लाल झाला आणि आम्ही तिथंच,
दोन प्रवाहांमध्ये, पाऊलभर सिमेंटवर,
कुणाच्याच तक्त्यात नसलेल्या.

मग एक लाल मोपेड थांबली.
मुलीनं पाय टेकला, स्कार्फमधून म्हणाली, "जा नं काकू."
तिच्यामागे शिव्या. तरी तिनं पाय उचलला नाही.

आठ चाळीस ते आठ सेहेचाळीस, माझी ओळ कोरी.
त्या सहा मिनिटांत किती गाड्या गेल्या, ठाऊक नाही.
थांबली किती ते सांगता येईल.
पण थांबलेल्यांचा रकाना नाही.
बोरकुटे सर म्हणाले, "अंदाजानं भर."
मी अंदाजानं भरलं.

हे सगळं नंतर.
त्याआधी, पलीकडे पोचल्यावर,
कौतिकाबाईनं पदरानं मान पुसली,
आलो तो रस्ता एकदा पुरता पाहून घेतला,
अन् म्हणाली,
"चार वाजता वापस यायचं हाये मले.
तवा राहशीन नं तू?"

माझी पाळी एकला संपते.