साल नसलेली तारीख

भट्टी पुन्हा तळघरभर धुरकटली.
इल्माने आधी लाकडाला दोष दिला:
दोन ओंडके एकमेकांवर आपटले.
ठक्क नाही, बद्द.
बर्चला दोन उन्हाळे ऊन दाखवावं, उर्हो म्हणायचा.

मग दारात डॉलरची नोट धरून खटका लावला,
ओढली;
अलगद हातात आली.
म्हणजे कडेची दोरीही मेली.

उरलं धुराडं.
टिचकीला आवाज भरलेला, पडशातल्या माणसासारखा.
कोपराशी खडूने त्याचं अक्षर:
‘झाडलं, ९ ऑक्टोबर.’
साल लिहायची गरज त्याला वाटली नव्हती.

सरोवरावरून वारा, उणे बावीस.
तिने आग विझू दिली,
पाइप निवल्यावर उतरवला,
अक्षर बाहीला पुसणार नाही असा
कडेवर घेतला
आणि ब्रश आत घातला.

बादलीभर काजळी.