शिडी

आमच्या फेरो बेटांवर झाडं नाहीत,
वारा उगवूच देत नाही.
इथे पान गळतं ते पत्राचं.

फेब्रुवारीतल्या शेवटच्या शनिवारी
होड्या एका अंगाला सारायच्या,
होडीघरात बाकं मांडायची.
तिकीट म्हणजे एक पत्र. कुणाचंही, कितीही जुनं.
ज्याचं त्यानं वाचायचं नाही, एवढाच नियम.
वाचणार सोफुस, त्याच्याआधी त्याचा बाप.
दोघंही टपालहोडीवरचे.
पाकीट तळहातावर तोलून सांगायचे,
आत पैसे आहेत की सबबी.

मी लहानपणी कंदील धरायचे, आता मोबाइलची बॅटरी.
वाळवलेल्या मटणाचा वास, ओल्या लोकरीचा त्याहून.
मार्युनच्या बहिणीनं कोपनहेगनहून कळवलेलं
जावयाचं घोरणं, तासातासाच्या नोंदींसकट.
चुलीच्या कंपनीचं उत्तर:
'आपली चूल निर्दोष आहे, वारा आपल्याकडचा आहे.'
हे तर आम्ही सगळे सोफुसबरोबर म्हणतो.

आणि शेवटी क्यार्टनचं.
ग्रीनलंडच्या बंदरातून आईला लिहिलेलं.
तिनंच ते पहिल्या वर्षी आणलं,
मुलाचा आवाज नाही तर नाही,
कुणाचा तरी आवाज, म्हणून.
कॉडचा भाव, दाढदुखी, जहाजावरच्या उवा,
आणि पान संपता संपता:
'सुन्नेवाला सांग, की'

दुसरं पान नव्हतं.
पुढे क्यार्टनही नव्हता.

सोफुस चष्मा कपाळावर चढवतो
आणि विचारतो, 'की?'

की तुझा मेंढा आमच्या कुंपणात शिरला तर मी काही बोलणार नाही.
की कोट घेतलाय, बाह्या लांब आहेत, तू उसवशील.
की धुक्यात भोंगा ऐकू आला
तर मला वाटतं तूच ओरडतेयस.
एकेचाळीस हिवाळे.
सुन्नेवा दुसऱ्या रांगेत, विणत.
टाका न सोडता ऐकायची.
कुणाचं बरं जमलं तर मान हलवायची,
कालवणात मीठ बरोबर पडल्यासारखी.
स्वतः एकदाही काही म्हणाली नाही.

यंदा क्यार्टनच्या घराचं छप्पर उतरवलं.
मार्युनच्या नातवानं स्वयंपाकघराची फळी काढली,
मागून पान निघालं.
उंदरानं एक कोपरा खाल्लेला, अक्षर तेच.

होडीघर इतकं गप्प मी मयतालाही पाहिलं नाही.
कुणी म्हणालं, राहू दे ना.
सोफुसनं सुन्नेवाकडे पाहिलं.
'तिकीट दिलंय मी,' ती म्हणाली.

'...माझी शिडी तेवढी परत दे म्हणावं.
छपरावरचं गवत वाढलं असेल,
तू खुर्चीवर स्टूल ठेवून चढतेस, मला माहीत आहे.
मोजे मिळाले. एक मोठा आहे.
कळावे.'

आधी कुणीतरी खोकल्यासारखं हसलं.
मग रांगच्या रांग, मग सोफुससुद्धा,
भिंतीजवळचं बाक तर कडाडून मोडलं,
चौघं खाली, तरी हसतच.

सुन्नेवानं सुया लोकरीच्या गुंड्यात खोवल्या.
'दोन पायऱ्या मोडल्या होत्या माझ्याकडून,'
ती म्हणाली, अगदी हिशेब देतात तशी.
'नीट करून द्यावी म्हटलं.
इथे लाकूड कुठे मिळतं?'

मग वाकून मोडक्या बाकाची फळी उचलली,
काखेत मारली, आणि गेली.
तिला कुणी अडवलं नाही.
रात्रभर तिच्या गोठ्यात दिवा होता
आणि ठोकणं, मधूनच थांबणारं.

सकाळी शिडी क्यार्टनच्या घराला टेकलेली.
वर छप्पर नाही, नुसतं आभाळ.
तिसरी आणि चौथी पायरी नवी,
त्यांच्यावर आमच्या बसण्याची झिलई.
मी चढून पाहिलं.
करकरल्या नाहीत.