घरयादी, थर्मल कॉलनी

टाइप-वनच्या अकरा बिल्डिंगा माझ्या वाट्याला आल्या.
आधी दारावर खडूनं नंबर, मग कडी.
कडीला उत्तर येईल याची खात्री नसते,
नंबर निदान टाकून होतो.

बंद. बंद. बंद.
तिसऱ्या मजल्यावर एका उंबऱ्यात पिंपळ,
माझ्या गुडघ्याएवढा.
त्याला रकाना नाही.

वडील इथं कोळशाच्या पट्ट्यावर होते.
तेव्हा राख पडायची. सकाळी धुतलेलं लुगडं
संध्याकाळी पुन्हा धुवायचं, ताटावर ताट झाकायचं,
आणि पाहुणे अंबाजोगाईचे असले तर
खिडकीवर बोटानं रेघ ओढून दाखवणारच :
"तुमच्या परळीत देव तेवढा स्वच्छ."
आई म्हणायची, "रेल्वे बघायला इकडंच येता ना?"

पंचवीस किलोमीटर, मध्ये एक घाट.
तिकडची योगेश्वरी म्हणे इकडच्या वैजनाथाला दिलेली.
कोकणातून वऱ्हाड निघालं,
मुहूर्त टळला, वऱ्हाडाचा दगड झाला.
तेव्हापासून दोन्ही गावं भांडतायत
देण्याघेण्यात काय ठरलं होतं यावर :
जिल्हा कुणाचा, मोठा दवाखाना कुणाला,
शिकलेली माणसं कुणाची, पगारी कुणाची.

माझा मुहूर्त टळला नाही.
मी परळीची, दिली अंबाजोगाईला.
सासूबाई बावीस वर्षं
माझ्या हातच्या भाजीत राख शोधतात.

परवा बैठकीत साहेब म्हणाले,
"नीट मोजा बाई. तिकडच्यांपेक्षा आकडा खाली गेला
तर तोंड दाखवायला जागा नाही."
तिकडच्या बैठकीत तिकडचे साहेब हेच बोलले.
माझे मिस्टर तिकडं प्रगणक आहेत.

बिल्डिंग नऊ, तळमजला.
कडीच्या आधीच दार उघडं.
प्रयागबाई दराडे. "लिही, सहा."
कोण कोण?
"मी, उत्तरेश्वर, सून, दोन लेकरं. आन् हे."
'हे' भिंतीवर होते, हार सुकलेला,
खिशाला युनिट तीनचा बिल्ला.

उत्तरेश्वर असतो कुठं?
"अंबाजोगाईला प्लॉट घेतला ना, लेकरांच्या शाळेपायी.
सून म्हणली, राखंत नको."
सांगताना तिनं आवाज खाली घेतला,
जणू पोरगा दुसऱ्या पक्षात गेला.

मी पेनचं टोपण लावलं, काढलं.
तो प्लॉट मिस्टरांच्या यादीत आहे.
काल रात्री जेवताना त्यांनी नाव वाचलं :
दराडे उत्तरेश्वर ज्ञानोबा, नवीन बांधकाम, कुलूप.
शेजारी सांगतात चाकणला, कंपनीत,
तीन वर्षं झाली.
शेजारीही निघायच्या बेतात.

एक माणूस, दोन गावांत दोन कुलपं,
आणि दोन्ही साहेबांना तो हवा.

चाकण तिलाही ठाऊक होतं.
टीव्हीवर नातवंडांचा फोटो होता, मागं कंपनीचा बोर्ड.
पण चाकणशी काय भांडणार?
चाकणला परळी कुठल्या बाजूला तेही माहीत नाही.
अंबाजोगाई निदान
भांडायच्या अंतरावर.

"आजी, सहा नाही बसत. राहतात तेवढेच."
ती काही बोलली नाही. फळीवरचे पालथे कप काढले,
पदरानं आतून पुसले.
जुनी युनिटं बंद होऊन किती वर्षं झाली,
कप अजून पालथेच.

"अंबाजोगाईत किती भरले गं?"
कमीच, म्हटलं. तिकडंही कुलपंच.

तिला आधी हसू आलं,
पडलेल्या दातांसकट, पूर्ण.
मग साखरेचा चमचा डब्यावरच राहिला.
"तिकडंबी?" ती म्हणाली.
"मग आता उणंदुणं काढावं कुणाचं?"

बाहेर कुणीतरी नंबर वाचत गेलं
किंवा नुसताच वारा असेल, जिन्यातला.

"साखर किती?"
एक, म्हटलं,
आणि रकान्यातही तोच लिहिला.