…वंती

दिवाळ्याच्या धक्क्यामागे, जाळी वाळत घालतात तिथल्या टोकाला
ती सहा वर्षं तिवराला टेकून उभी होती.
नाळेवरच्या रंगाचे पोपडे निघालेले,
नावाची शेवटची दोनच अक्षरं शिल्लक.
पोशा तांडेल म्हणतो, शेवंती.
त्याचा भाऊ म्हणतो, हॅट्, गुणवंती.
मी कुणाचंच मोडलं नाही.

स्वेच्छानिवृत्तीचे पैसे आले, त्यातले निम्मे हिच्यात घातले.
मुलगा खारघरला, सतराव्या मजल्यावर.
त्याने एवढंच विचारलं :
आई, संडासाचं काय?
बरोबर विचारलं. पहिली टाकी त्याचीच बसवली.

मग शेगडी.
दोन कड्यांवर टांगली, होडी कलली तरी पातेलं सरळ राहील अशी.
गॅसवाला म्हणाला, पत्ता सांगा.
इमारत? नाही.
मजला?
भरतीला असतो, म्हटलं, ओहोटीला नसतो.
शेवटी पोशाच्या घराचा नंबर दिला
आणि खाली लिहून दिलं : समोर, पाण्यात.

आधीच्या मालकाने आत घरगुती वायर फिरवली होती,
पंख्याला लावतात ती, पिळाची.
जोडावर जोड, जोडावर टेप, टेपवर डांबर.
कापली तर तांबं नाहीच,
हिरवी पूड हातावर.

छत्तीस वर्षं एक्स्चेंजच्या फॉल्ट विभागात काढली मी.
एका कानाला शिव्या देणारं गिऱ्हाईक
आणि त्याच्या-माझ्यामध्ये रस्त्याखाली कुठेतरी
पाणी शिरलेली केबल.
तिचा एक आवाज असतो.
तेल तापलंय, मोहरी टाकलीय,
पहिले चार दाणे उडालेत, बाकीचे विचारात आहेत,
तसा.
जोड्यांचे रंग अजून झोपेत म्हणता येतात :
निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी.
त्याच क्रमाने नव्या वायरी ओढल्या.
निळी बिल्जच्या पंपाला, नारिंगी दिव्यांना,
हिरवी डोलकाठीवरच्या कंदिलाला,
तपकिरी छपरावरच्या सोलर पत्र्याकडून बॅटरीकडे.
राखाडीला अजून काम सापडलेलं नाही.
टोकाला टोपी घालून ठेवलीय तिला. असू दे.

पोशाने फटीफटीतून कापूस कोंबला,
चंद्रस नि तेल कढवून वर फासलं,
हातोडी ठेवली आणि म्हणाला,
"बाय, लाकूर लय सुकलंय. पयलं पानी पिऊ दे तिला, मंग र्‍हायाला जा."
मी पाणी लिटरमध्ये मोजत होते,
तो घोटात.

अवसेच्या उधाणाला उचलली गेली.
आरडाओरडा नाही, नारळ नाही,
फक्त तिवराची एक फांदी, इतकी वर्षं दबलेली,
सपकन सरळ झाली.
दोन भरत्या प्यायली. तिसऱ्या भरतीला पंप गप्प.

पहिली रात्र.
पाम बीचचे दिवे पाण्यात लांबलेले,
फळीवर उशी, उशीखाली बॅटरीचा मीटर,
आणि अकराच्या सुमारास
तोच आवाज.
उठले. पेटी उघडली, एकेक जोड चाचपला.
निळा कोरडा. नारिंगी कोरडा. राखाडीची टोपीसुद्धा काढून पाहिली.
मीटर बरोबर. तळखण कोरडा.
आणि तरी चोहोबाजूंनी, पायाखालून,
मोहरी.

धक्क्यावर पोशा विडी ओढत बसलेला. हाक मारली.
त्याने मान कलती केली, ऐकल्यासारखं केलं.
"कोलबी हाय गो, बारकी. बोटा मोरते रातची.
तुझा वायर नय."

दिवा मालवला.
आयुष्यभर जो आवाज मिटवायला माणसं धाडली, खड्डे खणवले,
त्याच्यावर पाठ टेकून पडले.

मुलाचा फोन आला. ठीक आहेस ना, वगैरे.
मी फोन फळीला लावून धरला.
तो जरा वेळ ऐकत राहिला, मग म्हणाला,
आई, लाइन खराब आहे.
हो, म्हटलं.
बघते सकाळी.